फायचा घात साडेतीन का नसतो?

गेल्या लेखात अदिश क्षेत्र म्हणजे काय ते सांगितलं होतं. अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला एकच संख्या जोडली की झालं अदिश क्षेत्र. हिग्जचं क्षेत्र हे त्याचं निसर्गातलं उदाहरण. त्या क्षेत्राला ‘फाय’ म्हणायचं आणि परस्परक्रिया (क्षेत्राचा स्वतःवर होणारा परिणाम) फायच्या तिसऱ्या किंवा चौथ्या घाताने लिहायची, असं मी म्हटलं, तेव्हापासून घातांबद्दलच प्रश्न येत आहेत. काही निवडून उत्तरं देतो.

प्रश्न : एम.एस्सी.ला फाय-३, फाय-४, क्वचित फाय-६ शिकवतात. घात ३.५ घेतला तर काय बिघडतं? फाइनमन आकृतीत, म्हणजे परस्परक्रिया रेषांनी दाखवणाऱ्या चित्रात, साडेतीन रेषा काढता येत नाहीत, एवढंच कारण आहे का?

आकृतीची अडचण खरी आहे, पण वरवरची. आकृती हे हिशेबाचं साधन आहे, सिद्धांत काही तिच्या आधाराने उभा नाही. क्षेत्राचे चढउतार गाउशियन (घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे विखुरलेले) मानले आणि त्यांचं प्रमाण विचलन १ धरलं, तर फायच्या निरपेक्ष किमतीच्या तिसऱ्या घाताची सरासरी १.६० येते, चौथ्याची ३ आणि साडेतीनाव्या घाताची २.१५. गॅमा फलन (अपूर्णांकांनाही चालणारं क्रमगुणित) हाताशी असलं की साडेतीनचं काही वेगळं वाटतच नाही.

खरी अडचण घर बंद न होण्याची आहे, म्हणजे हिशेबात सतत नवनवे घात येत राहण्याची. चार मितींमध्ये क्षेत्राच्या चढउतारांमुळे विभवात (फायच्या किमतीनुसार क्षेत्राची ऊर्जा सांगणाऱ्या सूत्रात) पहिल्या पायरीला जे अनंत भाग येतात, त्यांत एक विभवाच्या दुसऱ्या विकलनाइतका असतो, दुसरा त्या विकलनाच्या वर्गाइतका. फाय-४ घेऊन बघा. दुसरं विकलन फाय-२, म्हणजे वस्तुमानाचं पद. त्याचा वर्ग पुन्हा फाय-४. दोघेही घरचेच, त्यांना मूळच्या स्थिरांकांमध्ये सामावून घेता येतं. आता ३.५ घ्या. दुसऱ्या विकलनात घात १.५, वर्गात ३. हे दोन्ही पाहुणे यादीत नव्हते. त्यांना आत घेतलं तर १.५चं दुसरं विकलन उणे अर्धा घात मागतं, आणि तो फाय शून्य असताना अनंत होतो. शून्याला टाळताही येत नाही, कारण इथे निर्वात अवस्थेत क्षेत्र शून्याभोवतीच थरथरत असतं.

याहून मोठी गोष्ट अशी की निसर्ग हा अपूर्णांक लांबून दिसूच देत नाही. सूक्ष्म अंतरांवरच्या चढउतारांची सरासरी घेतली की शून्यापाशी असलेला तो बोचरा कोपरा गुळगुळीत होतो, आणि उरतात फाय-२, फाय-४, फाय-६ अशी सम पूर्णांकी पदं. सुरुवात साडेतीनने करा की ३.७ने, दूरवरून दिसतो तो बहुतेक वेळा फाय-४चाच सिद्धांत.

प्रश्न : मितींचा हिशेब केला तर पाच मितींमध्ये १०/३ घाताच्या पदापुढचा स्थिरांक परिमाणहीन (एकक नसलेली निव्वळ संख्या) निघतो. मग तिथे तरी हा सिद्धांत चालायला हवा ना?

हिशेब बरोबर आहे. मिती ‘ड’ असतील तर तो घात २ड/(ड−२) येतो : सहा मितींत ३, चारमध्ये ४, तीनमध्ये ६ आणि पाचमध्ये १०/३. पण स्थिरांक परिमाणहीन असणं पुरेसं नाही. कटऑफ ठेवून, म्हणजे अतिसूक्ष्म अंतरांवरचे चढउतार वगळून, गणित केलं की ४/३ आणि ८/३ हे नवे घात येतात, आणि ४/३ पुन्हा विकलायला गेलं की उणे २/३. एक सुंदर गोष्ट मात्र इथे आहे : पहिल्या पायरीचा सान्त भाग दुसऱ्या विकलनाच्या ५/२ घाताइतका असतो, आणि ४/३ गुणिले ५/२ म्हणजे पुन्हा १०/३! प्रमाणबदलाची सममिती (अंतरांचं माप बदललं तरी सिद्धांत तसाच राहणं) टिकू पाहते आहे, हे त्यातून दिसतं.

प्रश्न : फाय ऋण असेल तर ३.५ घात काल्पनिक होईल. त्याचं काय करायचं?

निरपेक्ष किंमत घ्या, किंवा मग धीटपणे संमिश्र संख्यांमध्ये उतरा. कार्ल बेंडर आणि स्टेफान बोटचर यांनी १९९८ साली दुसरी वाट धरली. क्षेत्राऐवजी एक कण घेतला आणि त्याचं विभव ‘क्ष’चा वर्ग गुणिले ‘आय-क्ष’चा एप्सिलॉन घात असं लिहिलं (‘आय’ म्हणजे उणे एकचं वर्गमूळ). एप्सिलॉन शून्य किंवा त्याहून मोठा असेल, मग तो अपूर्णांक का असेना, सगळे ऊर्जास्तर वास्तव निघतात, असं त्यांना आढळलं. त्याची गणिती सिद्धता २००१ साली डोरी, डनिंग आणि तातेओ यांनी दिली.

प्रश्न : हे सगळं कागदावरचं. प्रयोगशाळेत अपूर्णांकी घात कुणी पाहिला आहे का?

पाहिला आहे, आणि या प्रश्नाचा मला सर्वांत आनंद झाला. अपूर्णांक सुरुवातीला घातला तर तो पुसला जातो. पण पूर्णांक घालून चढउतारांचा हिशेब केला की अपूर्णांक बाहेर येतो.

बोस वायूचं उदाहरण घ्या. बोस वायू म्हणजे एकाच क्वांटम अवस्थेत गोळा होऊ शकणाऱ्या अणूंचा अतिथंड वायू. विरळ बोस वायूची ऊर्जा घनतेच्या वर्गाप्रमाणे वाढते. १९५७ साली ली, हुआंग आणि यांग यांनी दाखवलं की शून्यबिंदू ऊर्जेमुळे (किमान अवस्थेतही उरणाऱ्या चढउतारांच्या ऊर्जेमुळे) तिच्यात घनतेच्या ५/२ घाताची भर पडते. कारण मनातल्या मनात ताडता येतं. प्रत्येक लहरीमागे ऊर्जा घनतेच्या प्रमाणात, आणि अशा लहरींची संख्या घनतेच्या ३/२ घाताच्या प्रमाणात. २०१५ साली दिमित्री पेत्रोव्ह यांनी सुचवलं की दोन बोस वायूंच्या मिश्रणात वर्गाची पदं जवळजवळ एकमेकांना मारतील अशी जुळवणी केली, तर जे किंचित आकर्षण उरतं ते ढग कोसळवू पाहील, आणि ५/२चं पद त्याला अडवेल. २०१८ साली बार्सिलोनाजवळच्या प्रयोगशाळेत पोटॅशियमचे असे थेंब दिसले. द्रव हीलियमपेक्षा कोट्यवधी पटींनी विरळ, तरीही आडव्या प्रतलात बाहेरचं कुठलंही बंधन नसताना थेंब म्हणून टिकून राहिलेले!

दुसरं उदाहरण कार्बन डायऑक्साइडचं. सुमारे ३१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बार दाबाला द्रव आणि वायू यांतला फरक मिटतो. त्या बिंदूचं वर्णन तीन मितींतला फाय-४ सिद्धांत करतो, पण सगळे चढउतार जमेस धरल्यावर विभवाचा घात ४ राहत नाही, तो सुमारे ५.७९ होतो.

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी यातलं काही करता येईल का?

नक्की. बेंडर आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये मांडलेला डेल्टा विस्तार करून पाहा. घात २ + २डेल्टा लिहायचा आणि डेल्टा लहान मानून पुढे जायचं. शून्य मितींत, म्हणजे अवकाशात एकच बिंदू असताना, सगळं एका साध्या संकलनावर (इंटिग्रलवर) येतं. गाउशियनची किंमत १ धरली तर ३.५ घाताचं अचूक उत्तर १.०१५ आहे, आणि डेल्टाचं पहिलंच पद ०.९८६ देतं. दुसरं पद स्वतः काढा आणि १.०१५च्या किती जवळ जाता ते मला कळवा.