‘जे१ झालं का?’

“मॅडम, माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट फिरतोय. आता कॉलेजात तोंड कसं दाखवू?”

हा प्रश्न घेऊन दर सत्रात एखादा तरी येतोच. हा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वर्गातल्या एका मुलीला त्याने रात्री साडेअकराला लिहिलं, ‘हाय डिअर, जे१ झालं का?’ (जे-वन, म्हणजे जेवण.) दोन दिवसांत त्याच्या फोटोवर तीच ओळ छापलेला स्टिकर वर्गाच्या ग्रुपवर आला. तेव्हापासून तो मेसला गेलाच नव्हता. ताट घेतलं की मागून कुणीतरी “जेवण झालं का?” म्हणणार, ही धास्ती. दहा दिवस वडापाववर काढले होते.

मीम मुळात त्याचं नव्हतंच. ‘जे१’वर मराठी पोरं कित्येक वर्षं हसतायत. आपल्याकडे ‘जेवलीस का?’ हे आई विचारते, शेजारची काकू विचारते. फारशी ओळख नसलेल्या मुलाने रात्री इनबॉक्समध्ये तेच विचारलं, की त्यातली माया गळून पडते आणि हेतू तेवढा उघडा पडतो. त्यातून ओळ अशी, की कुणाच्याही फोटोखाली बसते. इथे फोटो तेवढा नवा होता.

मग मी त्याला मेसेज दाखवायला सांगितले. अकरा निघाले. उत्तर एकालाही नाही. इथे मात्र मी त्याची समजूत घातली नाही. “माफीचा एक पाठवू?” त्याने विचारलं. म्हटलं, तो बारावा होईल. तिला आता तुझ्याकडून काहीही न येणं हवं असेल.

राहिली मेस. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. २०००मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास निम्म्या लोकांनी टी-शर्टवरचं चित्र ओळखलं असेल, असं घालणाऱ्यांना वाटलं. ओळखलं होतं जेमतेम पाव जणांनी. हे सांगून झाल्यावर विचारलं, “मेसमध्ये किती जण टोमणा मारतील?”

“सगळेच. चाळीसेक.”

“जा आणि मोज.”

पुढच्या आठवड्यात आकडा आला: दोन. मावशींनीही हटकलं होतं, पण इतके दिवस होतास कुठे, एवढंच. स्टिकर अजून ग्रुपवर आहे. तो बनवणाऱ्याशी बोलायचं कसं, ते मंगळवारी ठरवू.