मंत्रालयाची ‘झाडाझडती’ : शब्दचर्चा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. मजकूर थोडक्यात असा: “‘संरक्षण खरीदीवरून खासदाराने मंत्रालयाची झाडाझडती घेतली’ अशी बातमी वाचली. आमच्या बडोद्यात झडती म्हटलं की तुरुंगात मोबाइल शोधायला येणारं ‘झडती स्क्वॉड’ आठवतं. नुसता प्रश्न विचारला तर ती झडती कशी? ‘जाब विचारला’ किंवा ‘जवाब मागितला’ म्हटलं तर चालेल का? आणि जाब व जवाब यांत फरक काय? आपल्या धारासभ्यांनाही (आमदारांनाही) हे प्रश्न विचारता येतात का?”

सोपं ते आधी उरकतो. जाब म्हणजे जवाबच. अरबी शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आला. एकीकडे त्याचा ‘जबाब’ झाला, दुसरीकडे मधलं अक्षर गिळून ‘जाब’. मग तिघांनी कामं वाटून घेतली. पोलीस नोंदवतात तो जबाब, फडावर रंगतो तो सवाल-जवाब आणि चुकलेल्याला विचारतात तो जाब. मराठीत जाब विचारतात, मागत नाहीत. ‘जवाब मागितला’ हे हिंदी वाहिन्यांच्या खालच्या पट्टीवरून उचललेलं आहे, ते तिथंच राहू द्या. ‘जबाबदार’ हाही त्याच घरातला, ज्याच्याकडे जवाब देणं लागतं तो. पेशवाईतल्या पत्रांत ‘जाबसाल’ भेटतो, म्हणजे जवाब-सवाल, बोलणी. मात्र ‘जाबता’ या घरातला नव्हे. तो ‘ज़ाबिता’, म्हणजे नियम, कानूजाबत्यातला. जाब आणि जाबता यांची सोयरीक जुळवणारे लेख अधूनमधून डोळ्यांखालून जातात. लिहिणाऱ्यांनी अरबी कोश उघडायचे कष्ट घेतले असते तर दोन्हींचे धातूच वेगळे आहेत हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं.

धारासभ्यांचं उत्तर एका ओळीत संपतं. संरक्षण हा केंद्रसूचीतला विषय, तिथं विचारायचं ते खासदारांनी. आमदारांनी, म्हणजे तुमच्या धारासभ्यांनी, गांधीनगरला बडोद्यातल्या विमान कारखान्याची जमीन, रस्ता, पाणी विचारावं. विमानाची किंमत नव्हे.

आता झाडाझडती. या शब्दावर माझा राग जुना आहे आणि तो शब्दावर नाही, वापरणाऱ्यांवर आहे. बातमीतली घटना काय असते ते बघा. खासदार किमान १५ दिवस आधी लेखी सूचना देतात. सूचना ढिगानं येतात, म्हणून क्रम सोडतीनं ठरतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न लागतात आणि २३० अतारांकित. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतात, त्यावर पूरक प्रश्न टाकता येतात. तेही पहिल्या चार-सहा प्रश्नांच्या नशिबी, तास तेवढ्यातच संपतो. अतारांकिताचं उत्तर कागदावर येतं, पटलावर ठेवलं जातं, कोणी कोणाकडे बघतही नाही. प्रश्नाची भाषाही ठरलेली: हे खरे आहे काय, असल्यास, त्याचा तपशील काय, नसल्यास, त्याची कारणे काय. उत्तराची त्याहून ठरलेली: ‘नाही. ब व क : प्रश्न उद्भवत नाही.’ संरक्षण खात्याचं असेल तर आणखी एक वाक्य तयारच असतं, की राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीनं तपशील उघड करणं हिताचं नाही.

या कागदाच्या देवघेवीला आमचे वार्ताहर ‘झाडाझडती’ म्हणतात! ‘धारेवर धरलं’, ‘फैलावर घेतलं’, ‘झाडाझडती घेतली’, तिन्हींत त्यांना फरक दिसत नाही. मथळ्यात जागा किती अक्षरांची आहे त्यावर शब्द ठरतो.

फरक आहे, आणि मोठा आहे. धारेवर धरायला समोर माणूस लागतो. झाडाझडतीला समोर माल लागतो. झडती हा मुळात तुरुंगातला शब्दच नाही, पोलिसांचाही नाही. तो फडातला, म्हणजे हिशेबाच्या कचेरीतला आहे. पेशव्यांच्या दप्तरात हिशेबी कागदांचे जे प्रकार आहेत, रोजकीर्द, घडणी, अजमास, ताळेबंद, त्यांच्याच रांगेत ‘झडती’ बसलेली आहे. महालांकडून, म्हणजे परगण्यांकडून, वर्षाकाठी हुजुरात, म्हणजे सरकारच्या मुख्य दप्तरात येणारा हिशेब, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. किल्ल्यांचीही झडती असे. आता ती कशी असेल बघा: अंबारात नाचणी किती, भात किती, दारूखान्यात दारू किती, शिसं किती, तोफा किती आणि त्यांतल्या चालत्या किती. हवालदार, म्हणजे किल्ल्याचा अधिकारी, बदलला की नव्यानं ताब्यात घ्यायचं ते मोजून. ‘झाडणे’ हे क्रियापद इथं अगदी चपखल आहे. कोठार झाडून काढायचं, शेवटचा दाणा खाली पडेपर्यंत, आणि मग लिहायचं. हिशेब झडला म्हणजे मिटला, फिटला, बाकी उरली नाही.

म्हणजे संरक्षण सामग्रीच्या हिशेबाला मराठीत नेमका शब्द हवा असेल तर तो तीनशे वर्षं आपल्या दप्तरात पडून आहे. इतका नेमका, की मला तरी दुसऱ्या भाषेत इतका जवळचा दिसत नाही. आणि आपण तो वापरतो कशासाठी, तर पटलावर ठेवलेल्या एका विवरणपत्रासाठी.

पोलिसांकडे तो नंतर गेला. कोठार मोजण्यावरून घर तपासणं, घर तपासण्यावरून खिसे तपासणं. घरझडती, अंगझडती हे शब्द कोर्टकचेरीत रुळले आणि गुजरातीनंही ते तसेच घेतले. तुमचं स्क्वॉड तिथून आलेलं.

इथं आमच्या गावातल्या गुजराती मित्रमंडळींची एक लाडकी व्युत्पत्ती खोडून काढणं भाग आहे. ते म्हणतात, शब्द आमचा. ‘जडवुं’ म्हणजे सापडणं, त्यावरून ‘जडती’, आणि तीच मराठीत झडती झाली. गुजरातीत ‘जडती’ असंही रूप आहे हे खरं. पण साधी गोष्ट विचारात घ्या. झडती घेतली आणि काही सापडलं नाही, तरी ती झडतीच असते. सापडण्यावरून शोधाचं नाव पडायला लोक इतके आशावादी नसतात. शिवाय हिशेबाचा अर्थ ‘जडवुं’मधून कसा काढणार? मूळ शब्द झडती, ‘जडवुं’च्या ओढीनं त्याची झालेली ‘जडती’, असंच ते गणित बसतं. गायकवाडांचा कारभार मराठीतून पिढ्यानपिढ्या चालला, मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, इथं बांधले गेले; शब्द कुठून कुठं गेला याची दिशा त्यावरून कळायला हवी. (वडा-पावाबद्दल भांडायला मी तयार नाही, पण झडती सोडणार नाही.)

दुसरा वाद वैयाकरणांशी. झाडाझडती हा ‘अभ्यस्त’ शब्द, म्हणजे मारामारी, ओढाओढीसारखा एकाच क्रियापदाची पुनरुक्ती करून झालेला, असं शाळेपासून शिकवतात. मुळीच नाही. मारणेपासून मारामारी, ओढणेपासून ओढाओढी, फेकणेपासून फेकाफेकी. त्या नियमानं झाडणेपासून व्हायला हवं ‘झाडाझाडी’, आणि तसा शब्द करताही येतो. मग ‘झडती’तला ‘ती’ आला कुठून? ‘मारामरती’ कोणी म्हणतं का? ‘झाडा’ आणि ‘झडती’ हे दोन स्वतंत्र, नामं असलेले, दप्तरी शब्द आहेत आणि त्यांचा जोड लागलेला आहे, हिशेबबिशेबासारखा नव्हे, तर जमाखर्चासारखा. झाडा म्हणजे तपशीलवार यादी. गावच्या कुलकर्ण्याचा ‘जमीनझाडा’ ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगावं लागत नाही: पिकाऊ किती, पडीक किती, इनाम किती, एकेक बिघा ओळीनं मांडलेला. ‘हिशेबाचा झाडा दे’ असं जुनी माणसं म्हणत. आधी झाडा, म्हणजे काय काय आहे त्याची यादी; मग झडती, म्हणजे यादीप्रमाणे आलं किती, गेलं किती, उरलं किती. झाडाझडती म्हणजे ही दोन्ही कामं एका दमात. जे याला ‘नादानुकारी द्विरुक्ती’ वगैरे म्हणतात त्यांनी व्याकरणाच्या पुस्तकाऐवजी एखादा मोडी रुमाल सोडून बघावा.

आता प्रश्न असा की, संरक्षण खरेदीची झाडाझडती या खऱ्या अर्थानं घेतं कोण? खासदार एकटा नाही घेत. ती घेतात नियंत्रक व महालेखापरीक्षक, आणि त्यांच्या अहवालावर बसते ती संसदेची लोकलेखा समिती. बोफोर्सचंच घ्या. मार्च १९८६ मध्ये १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफांचा करार झाला, एप्रिल १९८७ मध्ये स्वीडनच्या रेडिओनं दलालीची बातमी दिली. पुढची दोन वर्षं सभागृहात प्रश्नांचा पाऊस पडला. पण विरोधी खासदारांनी लोकसभेचे राजीनामे खिशातून काढले ते १९८९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आल्यावर. प्रश्नांनी जाब विचारला, अहवालानं झडती घेतली. दोन शब्द, दोन कामं.

राफेलच्या वेळी तर गंमत झाली. ३६ विमानांची किंमत विचारली तेव्हा २००८च्या गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवलं गेलं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल पटलावर आला तो किमतीचे आकडे झाकून. झडती झाली, पण शिल्लकेच्या रकान्यावर हात ठेवून. कोणत्या पक्षाचं सरकार, कोण बरोबर, यात मला पडायचं नाही. मला एवढंच म्हणायचंय की फडातल्या कारकुनानं असा कागद परत पाठवला असता.

बडोद्याच्या वाचकांना तर हे जवळून पाहता येतं. सी-२९५ वाहतूक विमानांचा करार सप्टेंबर २०२१ चा: ५६ विमानं, २१,९३५ कोटी रुपये, १६ स्पेनहून तयार यायची, ४० इथं आपल्या गावी जुळायची असं ठरलेलं. कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. यावर एखाद्या खासदारानं ‘हे खरे आहे काय’ म्हणून विचारलं तर तो प्रश्न. ‘उशीर का झाला, सांगा’ म्हणून मंत्र्यांना पूरक प्रश्नांत पकडलं तर जाब. आणि १६ पैकी आली किती, ४० पैकी उडाली किती, पैसे गेले किती, देणं राहिलं किती, हे कोणी कागद पुढ्यात घेऊन एकेका ओळीवर टीक करत तपासलं तर ती झाडाझडती. बातमी देताना यातलं नेमकं काय घडलं तेवढं बघावं, मग शब्द निवडावा.

या गावाकडून ही अपेक्षा करायला कारण आहे. सयाजीरावांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ इथं निघाला, कारभारातल्या शब्दांना आठ भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडणारा. संस्थानानं शब्दांवर पैसा आणि पंडित खर्च केले, कारण हुकमातला शब्द सैल असला की अंमल सैल होतो हे त्या कारभाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आधीच्या कारभारात याच गावी वेगळी तऱ्हा होती: खंडेराव गायकवाडांनी चांदीच्या तोफा केल्या, त्यावर मात म्हणून मल्हाररावांनी सोन्याच्या ओतवल्या. संरक्षण सामग्रीवरचा याहून निरुपयोगी खर्च शोधून सापडायचा नाही. विचारायला सभागृह नव्हतं, खासदार नव्हते. १८७५ मध्ये मल्हारराव गादीवरून गेले, पण तेही तोफांपायी नव्हे. रेसिडेंटला, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीला, विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला, पण त्यावर चौकशी करणाऱ्यांचं एकमत झालं नाही आणि काढताना कारण दिलं ते गैरकारभाराचं. इंग्रजानं त्या आरोपासाठी इथं ‘कमिशन’ बसवलं, ती कागदावर चौकशी होती, तरी तिला खटला म्हटलं गेलं. शब्द तेव्हाही सैलच पडत.

काही मंडळी झाडाझडती ‘ग्राम्य’ वाटते म्हणून ‘सखोल अन्वेषण’ सुचवतात. त्यांना माझा नमस्कार. अन्वेषणानं दारूखान्यातलं शिसं मोजून होत नाही.

राहता राहिलं तुमचं ‘खरीदी’. मूळ फारसी ‘खरीद’च, त्यामुळे गुजराती रूप मुळाच्या अधिक जवळ आहे हे मान्य. तरी मराठीत त्याची ‘खरेदी’ होऊन पिढ्या गेल्या, दस्तावर ‘खरेदीखत’ असंच लिहितात, तेव्हा मराठी पत्रात खरेदीच लिहा.