गायमुखच्या चढाला इंजिन वाजतंय? इतक्यात खोलू देऊ नका

तुम्ही लिहिलंय की ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कासारवडवलीहून निघून गायमुखचा चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये बॉनेटखालून टरटर आवाज येतो. गाडीत चौघं, एसी चालू, गाडी नऊ वर्षांची, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. गॅरेजवाल्याने आवाज ऐकून ‘बेअरिंग गेलं’ म्हणत इंजिन उतरवायला सांगितलंय. कृपा करून इतक्यात हो म्हणू नका.

बेअरिंगचा आवाज जड असतो, ठकठक. गाडी उभी ठेवून रेस केली तरी ऐकू येतो आणि ऑइल तापून पातळ झालं की वाढतो. त्याच्या जोडीला ऑइलचा दिवा लागला तर मात्र इंजिन लगेच बंद करा, गाडी टो करूनच न्या. थंड इंजिनची बारीक टिकटिक बहुतेक वेळा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची. तुमचा आवाज फक्त लोडवर, म्हणजे इंजिनला जोर लागल्यावर येतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. हे नॉकिंग वाटतं. प्लगने ठिणगी टाकली, ज्वाला पसरू लागली, पण ती पोचायच्या आत कडेचं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपणहून पेटलं, की त्या धक्क्याने इंजिन असं वाजतं.

आता तुमच्याकडे फुकटची एक परीक्षा आहे. तोच चढ, तोच गिअर, तेवढीच माणसं, एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर. सीएनजीचा ऑक्टेन (इंधन नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचा आकडा) १२० च्या आसपास असतो, त्यावर नॉकिंग सहसा होत नाही. दोन्हींवर सारखाच आवाज आला तर मग यांत्रिक बिघाड शोधायचा. सीएनजीवर गप्प आणि पेट्रोलवर टरटर असेल तर किटच्या वायरिंगमध्ये टायमिंग अॅडव्हान्सर आहे का ते आधी बघा. सीएनजी हळू जळतो म्हणून हा छोटा डबा ठिणगी थोडी आधी टाकायला लावतो. पेट्रोलवर आल्यावर त्याने बाजूला व्हायला हवं. माझ्या आधीच्या गाडीत तो बाजूला होत नव्हता. मलाही इंजिन खोलायलाच सांगितलं होतं, आणि शेवटी किटवाल्याने तो डबा काढून नवा लावला, तेवढ्यावर आवाज थांबला.

पेट्रोलला लगेच दोष देऊ नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचा ऑक्टेन ९५ आहे, पूर्वी साध्या पेट्रोलचा ९१ असायचा. त्यापेक्षा कूलंटची पातळी बघा (इंजिन थंड असतानाच झाकण उघडा) आणि माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये उभं असताना रेडिएटरचा पंखा फिरतोय का ते ऐका. तापलेलं इंजिन लवकर नॉक करतं. सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन आणि चुकीच्या हीट रेंजचे (उष्णता नीट बाहेर न टाकणारे) प्लग हीसुद्धा नेहमीची कारणं.

प्लग तर काढाच, आणि उजेडात धरून टोकाजवळची पांढरी चिनीमाती नीट बघा. तिच्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा बारीक चंदेरी कण दिसले तर नॉकिंग नक्की. चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम उडू लागलंय, मग एक दिवसही थांबू नका.

तोवर चढाला वेळेवर दुसरा गिअर टाका, एसी बंद ठेवा, तिसऱ्यात एक्सिलरेटर दाबून गाडी ओढू नका. दोन्ही इंधनांवर काय ऐकू आलं ते इथे लिहा, प्लगचे जवळून काढलेले फोटोही टाका. मग पुढचं बघू.