योगवर्ग सुरू केल्यापासून भूक वाढली, काटा मात्र हलत नाही

ताई, वय ४२, वजन ७८ किलो, सकाळी सहाच्या योगवर्गाला तीन महिने झाले, वजन जिथल्या तिथे आणि भूक मात्र वाढून राहिली. मग हे सोडून जिम लावू का, असं तुम्ही विचारलंय. सोडू नका. इथे नागपुरात मी बरीच वर्षं बायकांचे वर्ग घेते आणि हीच तक्रार नव्याने येणाऱ्या कितीतरी जणींकडून ऐकते.

भूक वाढते हे आपल्याकडे जुनंच ठाऊक आहे. पश्चिमोत्तानासनाने जठराग्नी प्रदीप्त होतो आणि पोट कृश होतं, असं हठयोगप्रदीपिका एकाच श्लोकात सांगते. विपरीतकरणी, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली ठेवण्याची क्रिया, तिच्याबद्दल तर बजावलंय की तिने अग्नी वाढतो, म्हणून साधकाने आहार भरपूर ठेवावा. त्याच ग्रंथात मिताहार म्हणजे पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवणं, हेही आहे. वर्गात आसनं नीट शिकवली जातात, जेवणाचं हे बोलायचं राहून जातं.

आता हिशेब बघा. आसन-प्राणायामाच्या साध्या तासाला नुसतं बसण्याच्या साधारण अडीच पट ऊर्जा लागते. तुमच्या वजनाला १९५ कॅलरी धरा. त्यातल्या ७८ घरी बसूनही गेल्याच असत्या, म्हणजे जास्तीच्या उरल्या ११७. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. खाण्यात घासभरही वाढ केली नाही, तरी एक किलो उतरायला दोन महिन्यांहून जास्त लागतील. आणि तुम्हीच लिहिलंय की वर्ग सुटला की सगळ्या मिळून तर्री पोहे खाता, मग घरी नऊ वाजता पुन्हा नाश्ता होतो. सगळं तिथेच फिटतं.

या पोह्यांचं मला जास्त सांगायचंय. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं आणि आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते रक्तात चढतं. रोज सात वाजता खाल्लं की काही दिवसांत शरीर ती वेळ शिकतं आणि सातला भूक लागायला लागते. ही भूक अगदी खरी असते, फक्त ती आसनांनी आणलेली नसते, सवयीने आणलेली असते. जोरात धावलं की काही वेळ भूक दबते, संथ आसनांनी तशी दबत नाही. त्यामुळे वर्गानंतरचा अर्धा तास फार जपावा लागतो.

तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत खटकलेली ओळ मात्र वेगळीच आहे: झोपायला साडेबारा, उठायला पाच. झोप कमी पडली की घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन उतरतं. मग दिवसभर गोड-तळलेलं हवंसं वाटतं आणि आपण म्हणतो माझ्यात संयम नाही. असं स्वतःला बोलू नका, हे शरीराचं काम आहे. त्यात आपला एप्रिल-मे, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, कूलर लावूनही डोळा लागत नाही. साडेचार तास झोपून सहाचा वर्ग गाठण्यापेक्षा संध्याकाळचा धरा. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचे विनामूल्य वर्ग शहरात ठिकठिकाणी चालतात, जवळच्या वर्गाची वेळ विचारून बघा.

मग योगाने होतं काय? जर्मनीत २०१६ साली ६० लठ्ठ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांच्या योगानंतर, योग न केलेल्या गटाच्या तुलनेत कमरेचा घेर सुमारे ३.८ सेंटिमीटरने जास्त उतरला. वजनातला फरक त्या मानाने लहान होता. अमेरिकेत सिएटलचे संशोधक ॲलन क्रिस्टल यांनी २००५ मध्ये पंधरा हजारांवर मध्यमवयीन लोकांची माहिती तपासली. पंचेचाळिशी ते पंचावन्नच्या दरम्यान वजन वाढतंच, पण आधीच वजन जास्त असलेल्यांपैकी जे चार वर्षं किंवा अधिक योग करत होते, त्यांची वाढ इतरांपेक्षा सरासरी आठेक किलोने कमी होती. योग करणारे इतर बाबतींतही जपून राहत असतील, त्यामुळे सगळं श्रेय योगाला देता येत नाही. पण कॅलरीच्या हिशेबात एवढा फरक बसत नाही. क्रिस्टल यांचंही मत होतं की पोट भरल्याची जाणीव योगाने तल्लख होते. माझ्या वर्गातल्या बायकांत मी हेच बघते: दुसरी पोळी घेताना हात थांबायला लागतो.

ही जाणीव तुम्ही मुद्दाम वाढवा. शवासनातून उठलात की लगेच खायला बसू नका. पाणी प्या, घरी या, पाच मिनिटं संथ श्वास घ्या आणि मग एकदाच नीट नाश्ता करा: मुगाचं धिरडं, मोडाची मटकी, दही, चालत असेल तर उकडलेलं अंडं. तर्री पोहे रविवारी, मैत्रिणींसोबत, चवीने खा. ते बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही, कारण बंद केलेलं दुप्पट होऊन परत येतं. जेवण वीस मिनिटं तरी चालू द्या, पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो.

काट्याऐवजी टेप घ्या. महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी कंबर मोजा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात. ब्लाउज सैल झाला आणि काटा तिथेच असला तरी काम सुरू आहे.

सर्वांगासन या वजनात सध्या नको, मान दुखावते. गुडघे बोलत असतील तर वज्रासन टाळा. रक्तदाब असेल तर जोराची कपालभाती करू नका. आणि हे सगळं करूनही भूक आवरत नसेल, तहान जास्त लागत असेल, थकवा असेल किंवा पाळी अनियमित असेल, तर आधी साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर वर्गानंतरची ती भूक साखर उतरल्याचीही असू शकते. तेव्हा थांबायचं नाही, लगेच खायचं आणि डॉक्टरांना डोसबद्दल विचारायचं. तुम्हाला कुठली औषधं सुरू आहेत, ते लिहिलं नाही. तेवढं कळवा.