कायदेशीर सल्ला : परदेशी न्यायालयाचा आदेश आणि मुलीचा ताबा

प्रश्न : संसार मोडल्यावर मी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन न्यू जर्सीहून पुण्याला माहेरी आले. मुलीला परत पाठवावे, असा आदेश पतीने तिथल्या न्यायालयातून मिळवला आहे. तो मला बंधनकारक आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मुलांच्या अपहरणासंबंधीच्या, म्हणजे एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलेले मूल परत पाठवण्याबाबतच्या, 1980 च्या हेग करारात अमेरिका आहे, भारत नाही, त्यामुळे तो आदेश येथे आपोआप लागू होत नाही. मात्र पती उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका (मुलीला न्यायालयासमोर हजर करावे, अशी मागणी करणारी याचिका) दाखल करू शकतात, आणि त्या वेळी, सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली स्पष्ट केल्याप्रमाणे, परदेशी आदेश हा विचारात घेण्याच्या अनेक बाबींपैकी केवळ एक ठरतो, तर मुलीचे हित सर्वोपरी मानले जाते. ती येथे किती रुळली आहे, शाळा कोणती, नागरिकत्व कोणते, हे सारे तपासले जाते. म्हणून आदेशाकडे दुर्लक्ष करू नका. तिथेही वकिलामार्फत बाजू मांडा. आणखी एक, कळकळीने सांगते : वडिलांशी होणारे तिचे व्हिडिओ कॉल थांबवू नका. रात्री फोनच्या पडद्यावर बाबांना आपली चित्रकलेची वही दाखवण्याचा तिचा हक्क तुमच्या भांडणापेक्षा मोठा आहे आणि न्यायालयेही तो मानतात.