देणगीचा टक्का कशावर मोजायचा?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र आणि सोबतचा गेल्या वर्षाचा जमाखर्च मी काळजीपूर्वक वाचला. लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आपण सहा वर्षे करत आहात, वर्षाला सुमारे २८ लग्ने घेता आणि येत्या हंगामापासून प्रत्येक लग्नाच्या मानधनातील १० टक्के रक्कम दोन सेवाभावी संस्थांना देण्याचे जाहीर करावे, असा आपला विचार आहे. घरच्यांचे म्हणणे मात्र असे की, आधी कर्ज फिटू द्यावे. माझ्या मते देणगी याच हंगामापासून सुरू करावी, पण ती १ टक्क्याने, आणि कर्ज फिटल्यावर ती ठरवून वाढवत न्यावी.

आपल्याच आकड्यांवरून याचे कारण सांगतो. जमा होणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांतून सहायक, दुसरा छायाचित्रकार, संकलन, अल्बम आणि छपाई यांवर ४६ जातात. प्रवास, विमा, सॉफ्टवेअर व कार्यालय यांवर १३ आणि कॅमेऱ्यांच्या कर्जाच्या हप्त्यावर ६. उरलेल्या ३५ ला आपण नफा म्हटले आहे. जमेच्या १० टक्के म्हणजे या ३५ मधील १०, म्हणजेच नफ्याचा सुमारे २९ टक्के भाग. शिवाय त्याच ३५ मधून घरखर्चाचे २४ आणि कराचे ५ वजा केले की हातात ६ राहतात. जे ६ आहेत त्यातून १० देता येणार नाहीत; वरचे ४ घरखर्चातून किंवा नव्या उसनवारीतून येतील.

या ६ मधूनही एक खर्च अजून वजा व्हायचा आहे, तो आपल्या जमाखर्चात कुठेच दिसत नाही. एका लग्नात साधारण ३,५०० छायाचित्रे काढता, असे आपण लिहिले आहे. म्हणजे वर्षाला ९८,००० वेळा शटर (छायाचित्र घेताना उघडझाप होणारा कॅमेऱ्यातील पडदा) चालते. व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या यांत्रिक शटरची क्षमता प्रकारानुसार साधारण दीड लाखापासून पाच लाख उघडझापांपर्यंत सांगितली जाते. काम दोन कॅमेऱ्यांत वाटले आणि त्यामुळे वेळ थोडी लांबली, तरी साधने बदलण्याची वेळ येणारच, आणि त्या दिवशी पैसे बाजूला नसतील तर पुन्हा कर्ज काढावे लागेल. म्हणून १०० मधील ३ साधननिधीत टाकावेत, २ आकस्मिक निधीत आणि १ देणगीसाठी ठेवावा.

हा १ टक्का कमी वाटेल, याची मला कल्पना आहे. तो क्षुल्लक मात्र नाही. पॅटागोनिया या अमेरिकेतील कपड्यांच्या कंपनीने १९८५ पासून विक्रीच्या १ टक्का रक्कम पर्यावरणाच्या कामासाठी देण्याचे ठरवले, आणि तिचे संस्थापक इव्हॉन शुईनार्ड यांनी क्रेग मॅथ्यूज यांच्यासह २००२ मध्ये ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ ही संस्था उभी केली. तेथेही टक्का विक्रीवर मोजला जातो, नफ्यावर नाही, त्यामुळे तोट्याच्या वर्षीही तो द्यावाच लागतो. विक्रीवरचे वचन लहान ठेवणे का भाग आहे, हे यावरून लक्षात यावे.

आपल्या कर्जाचे १४ हप्ते शिल्लक आहेत. ते संपले की ६ मोकळे होतील. त्यातील २ देणगीत घालून ती ३ टक्क्यांवर न्यावी आणि ४ आकस्मिक निधीत टाकावेत. सध्या आपल्याकडे दोन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आहे. वर्षातील चार महिने जवळजवळ काम नसलेल्या व्यवसायाला सहा महिन्यांची हवी, आणि या गतीने ती साधारण तीन वर्षांत पुरी होईल. त्यानंतर देणगी ५ ते ६ टक्क्यांपर्यंत नेता येईल. आपल्याला कोणीही निवृत्तिवेतन देणार नसल्याने त्या वेळची उरलेली रक्कम म्हातारपणासाठी गुंतवावी, असा माझा आग्रह राहील.

नोंदणीच्या वेळी आलेल्या आगाऊ रकमेतून देणगी मुळीच देऊ नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काम होईपर्यंत ती रक्कम आपली कमाई नसून ग्राहकाचे आपल्याकडे असलेले देणे असते. २०२० मध्ये जगभर लग्ने पुढे ढकलली गेली, रद्द झाली, आणि आगाऊ रकमा परत मागितल्या गेल्या. संस्थेला दिलेले पैसे मात्र परत मागता येत नाहीत. अल्बम सुपूर्द होऊन शेवटचा हप्ता जमा झाला, की त्या लग्नाचा १ टक्का वेगळ्या खात्यात टाकावा आणि दर तिमाहीला संस्थांना पाठवून पावती घ्यावी.

संस्थांच्या कार्यक्रमांचे विनामूल्य छायाचित्रण करण्याविषयी आपण विचारले आहे. ते जरूर करावे. अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘नाऊ आय ले मी डाउन टू स्लीप’ या संस्थेचे छायाचित्रकार बाळ गमावलेल्या आईवडिलांना त्या बाळाची छायाचित्रे विनामूल्य काढून देतात. त्या कामाची किंमत पैशांत होणार नाही. तरीही एका दिवसाच्या छायाचित्रणामागे संकलनाचे दोन-तीन दिवस जातात, म्हणून अशी कामे वर्षाला चार, आणि तीही हंगामाबाहेर घ्यावीत. सहायकाला त्या दिवसाचे पैसे पूर्ण द्यावेत, कारण विनामूल्य काम करण्याचा निर्णय आपला आहे, त्याचा नाही. स्वतःच्या श्रमाचे मूल्य देणगी म्हणून दाखवून करात वजावट मिळेल, असे मात्र धरून चालू नये. अमेरिकेसह अनेक देशांचे करकायदे ती देत नाहीत.

जाहिरातीत वाक्य एवढेच असावे: ‘पूर्ण झालेल्या प्रत्येक लग्नाच्या मानधनातील १ टक्का रक्कम आम्ही पुढील दोन संस्थांना देतो.’ त्याखाली संस्थांची नावे आणि मागील वर्षी प्रत्यक्ष दिलेली रक्कम लिहावी. वाक्य छापण्यापूर्वी वरील हिशेब घरच्यांसोबत बसून एकदा वाचावा. त्यांच्या कर्जाविषयीच्या शंकेचे उत्तर त्यात आकड्यांनिशी आहे.