रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग त्रास कशाचा?

“टेन्शन घ्यावं असं माझ्या आयुष्यात काही नाहीच,” माझ्याकडे आलेल्या एक बाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या. वय ४२, नोकरी स्थिर, घरात आजारी सासरे. दुपारनंतर डोकं जड, मान आखडलेली, पहाटे साडेतीनला टक्क जाग. रक्ततपासणी, थायरॉइड, ईसीजी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ताण आहे. ते त्यांच्या मनाला लागलं होतं, कारण ‘ताण आहे’ म्हणजे ‘खरं दुखत नाहीये’ असाच अर्थ त्यांनी घेतला. अनेक जण तसाच घेतात.

दुखणं खरंच असतं. आणि ताण आहे म्हणजे मनात काळजीचे विचार घोळतच असतील, असंही नाही. बोलता बोलता त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही, पण खांदे कानांकडे सरकले, दातांवर दात बसले आणि मिनिटभर तसेच राहिले. लक्षात आणून दिलं, तर म्हणाल्या, “कुठे काय?” शरीर सावध झालं की ताणाची दोन संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात: अॅड्रेनालिन काही सेकंदांत, कॉर्टिसॉल काही मिनिटांनी. स्नायू आवळतात, श्वास उथळ होतो. एखाद्या वेळी झालं तर काही बिघडत नाही. दिवसभरात वीस-पंचवीस वेळा झालं, तर मान आणि जबडा सैल व्हायला उसंतच मिळत नाही.

म्हणून ‘टेन्शन आहे का?’ असं स्वतःला विचारून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा दहा दिवस वही ठेवा. वेळ, शरीरात कुठे जाणवलं, आधीच्या अर्ध्या तासात काय घडलं आणि ० ते १० पैकी किती तीव्र, एवढंच. नोंद तिथल्या तिथे करायची. रात्री आठवून लिहिलं की फक्त मोठे प्रसंग उरतात, आणि कारण बहुतेक वेळा बारीकसारीक गोष्टींत असतं. या बाईंच्या वहीत ऑफिसच्या मोठ्या मीटिंगपुढे २ होतं. ७ आणि ८ आकडे होते ते हातातलं काम कुणी मध्येच तोडलं तेव्हाचे, आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांचे.

दीर्घश्वसन त्यांनी आधीच करून सोडून दिलं होतं, कारण गरगरायचं आणि बोटांना मुंग्या यायच्या. ही चूक फार जण करतात. छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नेमकं हेच होतं. श्वास मोठा नको, सावकाश हवा. हात पोटावर ठेवून नाकाने ४ अंक मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि पहिला आठवडा मन शांत असतानाच. घाबरल्यावर पहिल्यांदा करून पाहिलं तर जमत नाही, मग ‘माझ्यावर याचा उपयोग होत नाही’ असा ग्रह होऊन बसतो.

जबड्यासाठी एकच खूण: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. फोन वाजला की उचलण्याआधी एवढं पाहायचं. घरी पोचल्यावर मात्र व्यायामाने भागलं नसतं. तिथे घरच्यांशी बोलावं लागलं. पहिली पंधरा मिनिटं सासऱ्यांच्या औषधांचं कुणी काही विचारणार नाही, हे ठरलं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याने पडला. ओझं तेवढंच ठेवून नुसतं श्वास घ्यायला शिकवणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे.

पहाटे जाग यायची, त्यासाठी ‘काळजीची वेळ’ ठरवली: रोज २० मिनिटं, कागदावर दोन रकाने, ‘उद्या करता येईल’ आणि ‘माझ्या हातात नाही’. त्यांनी ती अंथरुणात पडल्या पडल्या सुरू केली आणि झोप आणखी उडाली. मग वेळ संध्याकाळी सातची केली, खुर्चीत बसून. कॉफीचा शेवटचा कप संध्याकाळी सहाचा होता, तो दुपारी दोनच्या आत आणला. कॅफीनचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. जाग आलीच आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात बसायचं, घड्याळाकडे बघायचं नाही.

छातीत दुखणं, घाम, धाप, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ असेल तर यातलं काहीही करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगू नये असं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि लगेच मदत घ्या.

सहाव्या आठवड्यात वहीत डोकेदुखीचे दिवस दहापैकी आठावरून तीनवर आले होते. पहाटेची जाग अजून आठवड्यातून एक-दोनदा येते. वही चालू आहे.